पस्तीस सेंटांचे केळे

न्यू यॉर्कमधील सदबीज या लिलावगृहात २० नोव्हेंबर २०२४ रोजी भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेले एक केळे ६२ लक्ष डॉलरना विकले गेले. मौरित्सियो कातेलान या इटालियन कलावंताची ‘कॉमेडियन’ ही कलाकृती ती हीच. आभासी चलनाच्या व्यवहारात धनाढ्य झालेल्या जस्टिन सन या उद्योजकाने ती घेतली आणि नऊ दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांच्या साक्षीने ते केळे खाऊन टाकले. लिलावाच्या दिवशी भिंतीवर असलेले केळे लिलावगृहाजवळच्या एका फळगाडीवरून ३५ सेंटांना आणलेले होते. गाडीवर उभा असणारा वृद्ध विक्रेता बांगलादेशातून अमेरिकेत आलेला. गाडी त्याच्या मालकीची नव्हती. ताशी १२ डॉलर मजुरीवर, दिवसाचे बारा तास, आठवड्यातून चार दिवस तो तेथे राबत होता. त्या वर्षी त्या शहरात कायद्याने ठरवलेले किमान वेतन ताशी १६ डॉलर होते. त्याने विकलेल्या केळ्याचे पुढे काय झाले हे वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने त्याला सांगितले, तेव्हा त्याला रडू कोसळले. आपल्या मजुरीतील एक छदामही खर्च न करता तो ती साठवीत गेला असता, तर ६२ लक्ष डॉलर जमण्यास त्याला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला असता.

ही बातमी वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. आधुनिक कला म्हणजे श्रीमंतांचे चाळे, असे म्हणून पान उलटावे असा मोह चळवळीतील कार्यकर्त्यांनाही होतो. तो मोह टाळला पाहिजे. चित्र कळत नाही म्हणून चित्रकाराची टिंगल करणे ही प्रतिगाम्यांची जुनी सवय आहे, आणि तिचा शेवट प्रदर्शने जाळण्यात होतो हे या देशाने पाहिले आहे. शिवाय या प्रकरणात कलावंताला दोष देण्याने मूळ प्रश्न हातातून निसटतो. बाजार कशाचीही किंमत करू शकतो, हेच कदाचित कातेलान याला दाखवावयाचे असेल. तसे असेल तर बाजाराने त्याची थट्टाही विकत घेतली आणि पावती दिली. ती पावती कशी तयार होते हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मूल्य हे श्रमावर अवलंबून असते हा सिद्धान्त मांडताना काही वस्तू बाजूला काढून ठेवल्या होत्या. दुर्मिळ पुतळे व चित्रे, जुनी पुस्तके आणि नाणी, विशिष्ट मळ्यातील मद्य यांची संख्या श्रमाने वाढविता येत नाही. म्हणून त्यांची किंमत त्यांच्या दुर्मिळतेवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते, असे त्याने म्हटले. एकूण व्यवहारात अशा वस्तूंचा वाटा नगण्य असल्याने त्यांचा विचार सोडून द्यावा, असेही त्याचे मत होते. त्याच्या काळात ते ठीक होते. केळे मात्र दुर्मिळ नाही. ते आठवड्यात सडते आणि बदलावे लागते. ‘कॉमेडियन’ घेणाऱ्याच्या हाती पडते ते एक प्रमाणपत्र आणि केळे किती उंचीवर, कसे लावावे याची सूचनापत्रिका. २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात ही कृती प्रथम मांडली गेली तेव्हा तिच्या तीनच प्रती विक्रीस काढलेल्या होत्या. पहिल्या दोन प्रत्येकी १ लक्ष २० हजार डॉलरना गेल्या. निसर्गात विपुल असलेली वस्तू कागदाच्या आधाराने दुर्मिळ करणे, हा या व्यवहाराचा गाभा होय. रिकार्डोने अपवाद म्हणून सोडून दिलेली दुर्मिळता आज हेतुपुरस्सर निर्माण केली जाते, आणि त्यासाठी एक जागतिक यंत्रणा उभी आहे. कलामेळा हा त्या यंत्रणेचा सर्वांत दृश्य भाग आहे.

स्वित्झर्लंडमधील बाझेल या शहरात १९७० साली तेथील तीन कलाविक्रेत्यांनी एकत्र येऊन असा मेळा सुरू केला. पहिल्या वर्षी दहा देशांतील नव्वद दालने त्यात सहभागी झाली. पुढे त्याच संस्थेने अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील मायामी बीच येथे दुसरा मेळा भरविण्याचे ठरविले. तो २००१ च्या डिसेंबरात भरावयाचा होता. सप्टेंबरमधील दहशतवादी हल्ल्यांमुळे एक वर्ष लांबला आणि २००२ साली भरला. २०१३ पासून हाँगकाँगमध्येही तो भरू लागला. एका मोठ्या स्विस बँकेचा त्याला वर्षानुवर्षे आश्रय आहे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ज्यांच्या ठेवी ती बँक सांभाळते, तेच या मेळ्याचे ग्राहक आहेत.

मेळ्याची रचना बाजारपेठेसारखी असते. विक्रेता चौरस मीटरच्या हिशेबाने जागेचे भाडे भरतो. चित्रांची वाहतूक, विमा, माणसांचा मुक्काम हा खर्च वेगळा. बड्या दालनाला तो जाणवत नाही. लहान दालनाला मात्र दोन-चार दिवसांत हा सारा खर्च वसूल करावा लागतो. त्यामुळे जे हमखास विकले जाईल तेच ते घेऊन येते. होतकरू चित्रकाराच्या अवघड कामासाठी त्या भिंतीवर जागा उरत नाही. दरवाजे सर्वांना एकाच वेळी उघडत नाहीत. आधी निमंत्रितांना प्रवेश मिळतो, उत्तम माल त्याच तासांत उचलला जातो, आणि तिकीट काढून येणारी जनता नंतर जे पाहते ते बव्हंशी विकले गेलेले असते. किंमत विचारली तरी ती प्रत्येकाला सांगितली जात नाही. मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की जेथे भाव उघड नाही आणि खरेदीदार निवडून घेतला जातो, त्या व्यवहाराला त्यांच्याच पाठ्यपुस्तकात मुक्त बाजार म्हणत नाहीत.

मेळ्याच्या आठवड्यात रात्री जे चालते, तोही या व्यवहाराचाच भाग आहे. मायामीत डिसेंबरच्या त्या आठवड्यात गोदामांत, तळघरांत, रिकाम्या कारखान्यांत मेजवान्या झडतात. भिंतींवर रंगफवारे मारलेले असतात, कानठळ्या बसविणारे संगीत असते, आणि या सगळ्याला ‘भूमिगत’ असे नाव दिलेले असते. दारावर निमंत्रितांची यादी घेऊन पहारेकरी उभा असतो. मद्याच्या, मोटारींच्या, कपड्यांच्या कंपन्या खर्च उचलतात. ज्या देशात भूमिगत या शब्दाचा अर्थ १९४२ मध्ये आणि पुन्हा १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात अनेकांनी तुरुंगवास भोगून जाणला, तेथील वाचकाला या शब्दाची ही अवस्था पाहून खेद वाटेल. तथापि या मेजवान्यांचे मूळ खरोखरच एका खऱ्या भूमिगत कलाजीवनात आहे, आणि ती हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

१९७५ साली न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले होते. नगरपालिकेने सेवा तोडल्या, नोकर कमी केले; घरमालकांनी गरीब वस्त्यांतील इमारती सोडून दिल्या, काहींनी विम्यासाठी जाळल्या. अशा पडक्या इमारतींची मालकी नगरपालिकेकडे आली, आणि दुसरीकडे लोक बेघर होत होते. १९८० च्या पहिल्या दिवशी सुमारे तीस-पस्तीस कलावंतांनी डिलान्सी रस्त्यावरील अशाच एका रिकाम्या सरकारी इमारतीत शिरून घरांचे भाडे, मालकी व निर्वासन याच विषयावर प्रदर्शन भरविले. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेने दाराला कुलूप ठोकले. गवगवा झाला तेव्हा तिने जवळच दुसरी जागा देऊ केली, आणि तेथे ‘एबीसी नो रिओ’ हे केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘कोलॅब’ या कलावंतांच्या सहकारी गटाने टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका बंद पडलेल्या मालिशगृहात महिनाभर प्रदर्शन मांडले. शंभरावर कलावंतांनी त्यात भाग घेतला, आणि रस्त्यावरून जाणारा कोणीही आत येऊ शकत होता. एका पोलिश चर्चच्या तळघरात ‘क्लब ५७’ चाले. तेथे नाटक, चित्र, नाच, गाणे यांत भेद नव्हता. मुले भुयारी रेल्वेच्या डब्यांवर रंग फवारीत होती, तर कीथ हेरिंग स्थानकांतील जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या फलकांवर खडूने चित्रे काढीत होता. हैतीतून आलेल्या बापाचा आणि पोर्टोरिकन वंशाच्या आईचा मुलगा जाँ-मिशेल बास्किया रस्त्यावर स्वतः केलेली पोस्टकार्डे विकून दिवस काढीत होता.

त्या रात्रींतही मेजवान्या होत्या. पण तेथे येणाऱ्याला ऐपतीचा पुरावा मागितला जात नसे. कृष्णवर्णीय, पोर्टोरिकन, समलिंगी, घरातून हाकललेले, कामधंदा नसलेले तरुण तेथे एकमेकांना भेटत. बाजाराने आणि सभ्य समाजाने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनी आपल्यासाठी काढलेली ती जागा होती. ती टिकली, कारण भाडे नगण्य होते. आणि भाडे नगण्य होते, कारण शहराने त्या वस्त्या वाऱ्यावर सोडल्या होत्या.

पुढे जे घडले ते भूखंडाच्या अर्थशास्त्राचे सरळ उदाहरण आहे. कलावंत आले म्हणून वस्तीचे नाव झाले. नाव झाले म्हणून दालने आली, त्यांच्यामागून उपाहारगृहे आली, आणि मग घरमालक जागे झाले. ज्या जमिनीच्या मोलात त्यांनी एका विटेचीही भर घातली नव्हती, तिचे वाढलेले भाडे त्यांनी खिशात घातले. रोझलिन डॉइच आणि कारा जेंडेल रायन या दोन अभ्यासकांनी १९८४ सालीच ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकात ही प्रक्रिया उलगडून दाखविली होती, आणि कलाजगताने तिच्याकडे काणाडोळा केल्याचे स्पष्ट म्हटले होते. १९८८ च्या ऑगस्टमध्ये त्याच भागातील टॉम्पकिन्स स्क्वेअर उद्यानात बेघरांना व त्यांच्या पाठीराख्यांना हुसकावण्यासाठी पोलिसांनी लाठ्या चालविल्या. जुने रहिवासी आधी गेले, त्यांच्यामागून बहुतेक कलावंतही गेले. मायामीत हाच खेळ पुढे अधिक पद्धतशीरपणे खेळला गेला. विनवूड ही पोर्टोरिकन कामगारांची आणि कापडगोदामांची वस्ती. तेथील गोदामे एका बांधकाम व्यावसायिकाने घेतली आणि २००९ साली त्यांच्या भिंती नामवंत भित्तिचित्रकारांकडून रंगवून घेतल्या. न्यू यॉर्कमध्ये ज्या चित्रांसाठी मुलांना अटक होत असे, ती चित्रे आता जमिनीचा भाव वाढविण्यासाठी पैसे देऊन काढून घेतली जाऊ लागली.

बास्किया १९८८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. त्याने १९८२ साली काढलेले एक चित्र १९८४ मध्ये १९ हजार डॉलरना विकले गेले होते. २०१७ मध्ये तेच चित्र ११ कोटी ५ लक्ष डॉलरना गेले. या वाढीतील एकही सेंट चित्रकाराच्या वारसांना देण्याचे बंधन अमेरिकेतील कायद्यात नाही. हा अन्याय नवा नाही. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये रॉबर्ट स्कल या टॅक्सीकंपनीच्या मालकाने आपला चित्रसंग्रह लिलावात काढला. रॉबर्ट रॉशेनबर्गचे जे चित्र त्याने १९५८ साली ९०० डॉलरना घेतले होते, ते त्या रात्री ८५ हजारांना गेले. रॉशेनबर्गने तेथेच स्कलला जाब विचारला. पण त्या रात्रीचे खरे दृश्य बाहेरच्या फुटपाथवर होते. स्कलच्या धंद्यातील टॅक्सीचालक तेथे निदर्शने करीत होते. चित्रांसाठी लागलेला पैसा कोणाच्या घामातून आला, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शेहेचाळीस वर्षांनी मायामीत त्या दृश्याची पुनरावृत्ती झाली. केळ्याची बातमी जगभर गेली त्याच डिसेंबर २०१९ मध्ये तेथील कार्यालयीन इमारती झाडणाऱ्या सफाई कामगारांनी आपल्या कपड्यांवर चिकटपट्टीने केळी लावून मोर्चा काढला. संघटना बांधण्याचा हक्क आणि जगण्यापुरते वेतन एवढीच त्यांची मागणी होती. फ्लॉरिडाचे किमान वेतन त्या वर्षी ताशी ८ डॉलर ४६ सेंट होते. भिंतीवरचे केळे एवढ्या पैशांचे, तर ते पुसणाऱ्या हाताचे मोल काय, असा प्रश्न त्यांनी एका फळाच्या साहाय्याने विचारला. त्या वर्षी मायामीत केळ्याचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग कोणी केला असेल तर तो या कामगारांनी, असे म्हणावे लागेल.

हा सारा प्रकार परक्यांच्या घरचा नाही. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा त्यात ‘चले जाव’च्या काळात जे. जे. मधून काढून टाकलेला गोव्याचा सूझा होता, मोटारी धुऊन आणि घरकाम करून शिकलेला आरा होता, आणि पंढरपुरात जन्मलेला, चित्रपटांचे फलक रंगविणारा हुसेन होता. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे तेरा दृश्यांचे विशाल चित्र अनेक दशके नॉर्वेतील एका रुग्णालयात होते. मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोपर्यंत मिळालेली ती सर्वाधिक किंमत. या आकड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना २००८ सालची आठवण करून दिली पाहिजे. त्या वर्षी दिल्लीत देशातील पहिला मोठा कलामेळा भरला आणि त्यात हुसेन यांचे एकही चित्र लागले नाही. धर्मांधांच्या धमक्यांपुढे आयोजकांनी मान तुकवली होती. निषेध म्हणून ‘सहमत’ या संस्थेने त्यांच्या चित्रांच्या प्रतिमांचे प्रदर्शन मांडले, तर त्याची मोडतोड झाली. हुसेन २००६ पासूनच देशाबाहेर होते. २०११ साली लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. जो बाजार चित्राला शंभर कोटी देऊ शकतो, तो चित्रकाराला एक भिंत देऊ शकला नाही. बाजार कलावंताला स्वतंत्र करतो, हा दावा तपासताना हे उदाहरण विसरता कामा नये.

असा आक्षेप कोणी घेईल, की बाजार नको तर कलावंताला पोसणार कोण? सरकार? हा आक्षेप खोटा नाही. सोव्हिएत राजवटीने कलेची सारी सूत्रे सरकारी संघाच्या हाती दिली, आणि १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या वेशीवर उघड्या मैदानात स्वतंत्र चित्रकारांनी लावलेले प्रदर्शन बुलडोझर घालून उद्ध्वस्त केले. तेथेही खरी कला घराघरांतील खोल्यांत, पोलिसांच्या नजरेआड जगली. लोकशाही समाजवाद्यांनी त्या बुलडोझरचे समर्थन कधी केले नाही व करूही नये. पण बुलडोझर आणि लिलावाचा हातोडा एवढेच दोन पर्याय आहेत, असे मानण्याचे कारण नाही. महामंदीच्या काळात, १९३५ साली अमेरिकेच्याच सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट ही योजना काढून हजारो चित्रकारांना आठवड्याच्या पगारावर कामाला लावले. शाळा, रुग्णालये येथे त्यांची कामे गेली. पोलॉक आणि रॉथको यांनी त्या पगारावर दिवस काढले. आज त्यांच्याच चित्रांवर कोट्यवधींच्या उड्या पडतात.

तेव्हा प्रश्न व्यवस्थेचा आहे आणि त्यावर करता येण्याजोगे काही आहे. पहिली गोष्ट पुनर्विक्रीतील वाट्याची. फ्रान्सने असा कायदा १९२० साली केला, ब्रिटनने २००६ पासून तो अमलात आणला. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-क आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेल्यास कलावंताला वा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे. हे कलम कागदावर निजलेले आहे, कारण ते वसूल करणारी कलावंतांची बळकट संघटना उभी नाही. विडी कामगार, माथाडी कामगार यांचे कायदे संघटनेच्या बळावरच जिवंत झाले, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट सार्वजनिक खरेदीची. नगरपालिका, शाळा, रुग्णालये यांनी हयात आणि तरुण कलावंतांची कामे रास्त भावात घेतली, तर चित्र पाहणाऱ्याला निमंत्रणपत्रिका लागणार नाही. तिसरी गोष्ट जागेची. बंद कारखाने आणि रिकामी गोदामे शहराशहरांत आहेत. ती बिल्डरच्या हवाली करण्यापूर्वी त्यांतील काही भाग दीर्घ मुदतीच्या, अल्प भाड्याच्या करारावर कलावंतांना व शेजारच्या वस्तीला मिळून देता येईल. वस्तीला वगळून कलावंतांना जागा दिली की विनवूड होते, हा धडा विसरू नये. आणि चौथी गोष्ट: जेथे मेळा भरतो तेथे तंबू उभारणाऱ्या, चित्रे वाहणाऱ्या, रात्री झाडलोट करणाऱ्या कंत्राटी मजुरांना संघटित करणे. मेळ्यावर टीका करण्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे.

जस्टिन सन याने त्या वृद्ध फळविक्रेत्याची कहाणी वाचल्यावर त्याच्याकडून एक लक्ष केळी विकत घेऊन लोकांना वाटण्याची घोषणा केली होती. औदार्य म्हणून तिची वाहवा झाली. विक्रेत्याने मात्र पत्रकारांना साधा हिशेब सांगितला: गाडी मालकाची, तेव्हा नफाही मालकाचा, त्याच्या वाट्याला ठरलेली मजुरीच यावयाची. दानाने मजुरी वाढत नाही, ही गोष्ट त्या माणसाला नीट कळली होती.